उंबरठ्यावरील पाटी

मुंबईच्या उपनगरांत ज्या घरांतील एकहि मुलगा किंवा मुलगी सकाळीं संगणकापुढें जाऊन बसत नाहीं, असें मध्यमवर्गीय घर आतां शोधूनहि सांपडणें कठीण आहे. अंधेरीच्या पूर्वेस 1973 सालीं निर्यातीच्या मालासाठीं ‘सीप्झ’ ही वसाहत उभी राहिली; जागा अंधेरीची आणि नांवांत मात्र सांताक्रूझ! पुढें मालाड, गोरेगांव, पवई येथें कांचेच्या इमारती उठल्या आणि बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून निघणारा माणसांचा लोंढा त्यांत रोज शिरूं लागला. या सर्वांस कामाच्या आरंभीं पहिलें दर्शन घडतें तें ना देवाचें, ना साहेबाचें. तें घडतें एका पाटीचें. आजचा लेख त्या पाटीविषयीं आहे.

ही पाटी भिंतीवर नसते. यंत्र सुरू केलें, कीं पासवर्ड विचारण्यापूर्वीं पडद्यावर एक चौकट उमटते आणि तींत दहापंधरा ओळींचा इंग्रजी मजकूर असतो. हें यंत्र व हें जाळें केवळ अधिकृत व्यक्तींच्या उपयोगासाठीं आहे. येथें जें जें कराल त्यावर नजर ठेवली जाईल, त्याची नोंद होईल व ती नोंद योग्य वाटेल त्या अधिकाऱ्यास दाखविली जाईल. पुढें जाणें म्हणजे या सर्वांस संमति देणें होय. उल्लंघन करणारावर दिवाणी व फौजदारी इलाज होतील, असा त्या मजकुराचा इत्यर्थ. खालीं एकच बटण आणि त्यावर ‘ओके’ हीं अक्षरें. ‘नको’ म्हणण्यासाठीं दुसरें बटण नाहीं. कारण विंडोज या प्रणालींत या चौकटीची रचनाच तशी आहे: एक शीर्षक, एक मजकूर आणि एक बटण.

माझी एक पुतणी मुलुंडास राहते व अंधेरीच्या एका कचेरींत हिशेबाच्या खात्यांत काम करते. कचेरीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशा कचेऱ्या शेंकडों आहेत. आईच्या दुखण्याच्या काळांत तिनें एके दिवशीं दुपारच्या सुटींत कचेरीच्या यंत्रावरून डॉक्टरांस पत्र लिहिलें. रोगाचें नांव, औषधांचा खर्च, पैशाची विवंचना, सर्व कांहीं त्या पत्रांत होतें. आठ दिवसांनीं वरिष्ठांनीं तिला बोलावलें. त्या पत्राची छापील प्रत त्यांच्या टेबलावर होती. ‘माझ्या आईच्या दुखण्याचें पत्र आपण वाचलेंत कसें?’ असें तिनें विचारतांच ते शांतपणें म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही रोज सकाळीं संमति देतां.’ तिची नोकरी गेली नाहीं. एका ताकिदीवर प्रकरण मिटलें. पण त्या रात्रीं ती मला म्हणाली, ‘काका, चार वर्षें मी तें बटण दाबतें आहें. त्यांत काय लिहिलें आहे हें मला आजहि सांगतां येणार नाहीं.’ ही मुलगी पदवीधर आहे. इंग्रजी तिला चांगलें येतें. मीं तिला आठवून पाहण्यास सांगितलें. तिला एकच शब्द आठवला: ‘ऑथोराइज्ड’.

वाचकांचा गैरसमज होऊं नये म्हणून आरंभींच सांगतों, कीं पाटी लावूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. उलट ती लावलीच पाहिजे. आपल्या 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें 43 वें कलम ‘मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यांत आहे त्याच्या परवानगीवांचून’ या शब्दांवर उभें आहे. अशा परवानगीवांचून यंत्रांत शिरणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. आणि तेंच कृत्य अप्रामाणिकपणें वा कपटानें केलें असेल तर 66 व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परवानगी कोणास आहे व कोणास नाहीं हें दारावरच लिहिलेलें असेल तर ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणावयास चोरास जागा राहत नाहीं. दाराला कडी नसली आणि वर पाटीहि नसली म्हणजे काय होतें, हें इंग्लंडनें अनुभवलें आहे. तेथें दोन गृहस्थ ‘प्रेस्टेल’ या टपाल-तार खात्याच्या परंपरेंतून निघालेल्या संगणक-सेवेंत परक्याच्या पासवर्डानें शिरले. त्यांच्यावर बनावट दस्तऐवजाच्या कायद्याखालीं खटला झाला. पण तो कायदा अशा कृत्यास लागू पडत नाहीं असा निर्णय 1988 सालीं तेथील उमरावसभेनें दिला व दोघे सुटले. त्यानंतर 1990 सालीं इंग्लंडांत अनधिकृत प्रवेश हाच गुन्हा ठरविणारा निराळा कायदा करावा लागला. तेव्हां सीमा आंखून देणें हें मालकाचें कर्तव्यच आहे.

परंतु या पाटीच्या जन्माची दुसरीहि एक कथा आहे आणि ती आपल्या व्यवस्थापकांस बहुधा ठाऊक नसते. अमेरिकेंत 1992 च्या डिसेंबरांत संगणक-सुरक्षेचें काम पाहणाऱ्या ‘सर्ट’ या संस्थेनें एक सूचनापत्र काढलें. परक्या घुसखोरावर पाळत ठेवण्यासाठीं कांहीं व्यवस्थापक कळफलकावरील प्रत्येक ठोका टिपून ठेवीत असत. सरकारच्या न्यायखात्याचें मत असें पडलें, कीं पूर्वसूचना न देतां असें टिपणें हें चोरून संभाषण ऐकण्यासारखें बेकायदा ठरूं शकेल. म्हणून लॉगिनच्या वेळींच ‘येथें पाळत आहे’ असा फलक दाखवावा. याचा अर्थ काय? पाळतीचा हा मजकूर पाटीवर आला तो चोरास भय घालण्यासाठीं नव्हे. तो आला पहारेकऱ्याच्या हातून अन्याय होऊं नये म्हणून. पाळत ठेवणारानें, ज्यावर पाळत ठेवावयाची त्यास आधीं सांगितलें पाहिजे, हें या पाटीचें मूळ आहे. आपण मूळ विसरलों आणि पाटी तेवढी उचलली. जी गोष्ट माणसास कळविण्यासाठीं निघाली, तीच आतां ‘कळविलें होतें’ असें मागाहून म्हणतां यावें यासाठीं वापरली जाते. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

या पाटीचे कैवारी पहिला आक्षेप असा घेतील, कीं बटण दाबलें म्हणजे संमति झाली. न वाचतां दाबलें तर दोष दाबणाराचा. हा युक्तिवाद सोपा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. आपला 1872 सालचा करार-कायदा संमतीची व्याख्या करतांना म्हणतो, कीं दोघांनीं एकाच गोष्टीस एकाच अर्थानें रुकार दिला पाहिजे. ज्या मजकुरांतील एक शब्द सोडून बाकीचा माणसाच्या ध्यानींमनींहि नाहीं, त्यास त्यानें कोणत्या अर्थानें रुकार दिला? इंग्लंडांतील न्यायालयांनीं हा प्रश्न आगगाडीच्या काळांतच हाताळला होता. सामान ठेवल्याच्या पावतीमागें छापलेली अट प्रवाशावर बंधनकारक होते काय, या 1877 सालच्या खटल्यांत न्यायाधीशांनीं विचारलें तें हेंच, कीं ती अट त्याच्या नजरेस आणण्यासाठीं कंपनीनें पुरेशी खटपट केली होती काय. पुढें 1949 सालीं एका हॉटेलाच्या खटल्यांत असें ठरलें, कीं खोलीच्या भिंतीवर टांगलेली सूचना निरुपयोगी आहे. कारण पाहुण्याचा करार खालीं दाराशींच पुरा झाला होता. सूचना आधीं पाहिजे आणि ती ध्यानांत येईल अशी पाहिजे, ह्या दोन गोष्टी तेव्हांपासून सिद्ध आहेत. कांहीं संगणक-प्रणालींत दोन पाट्यांची सोय असते. एक लॉगिनपूर्वीं दिसणारी, दुसरी आंत गेल्यावर दिसणारी. दुसरीच तेवढी भरून ‘आम्हीं सूचना दिली’ म्हणणारा व्यवस्थापक त्या हॉटेलवाल्याचाच वारस होय.

शिवाय जेथें ‘नको’ म्हणण्याची सोयच नाहीं तेथें ‘हो’ या शब्दास किंमत काय? सकाळीं सव्वानऊ वाजतां, बोरिवलीची गर्दी अंगावर घेऊन आलेली मुलगी त्या चौकटीपुढें बसते. तिनें बटण न दाबलें तर यंत्र चालत नाहीं. यंत्र न चाललें तर काम होत नाहीं. काम न झालें तर पगार नाहीं. अशा ठिकाणीं संमति शब्द वापरणें ही भाषेची विटंबना आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें 1986 सालीं ब्रजनाथ गांगुली यांच्या प्रकरणांत सांगून ठेवलें आहे, कीं दोन पक्षांच्या बळांत मोठी विषमता असतां दुर्बळाकडून ठराविक नमुन्यावर घेतलेली अन्याय्य अट न्यायालय मानणार नाहीं. तो खटलाहि नोकराचाच होता. म्हणून माझें म्हणणें एवढेंच, कीं जी सूचना आहे तिला सूचना म्हणा. तिला संमतीचें सोंग देऊं नका.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्र कंपनीचें, वीज कंपनीची, वेळ कंपनीनें विकत घेतलेला. मग तेथें काय चालतें हें मालकानें कां पाहूं नये? पाहावें, जरूर पाहावें. बँकेंतील ठेवी, रुग्णालयांतील कागद, गिऱ्हाइकांचीं गुपितें ज्या यंत्रांत आहेत तेथें पहारा नसणें हाच अपराध होईल. पण पहारा ठेवण्याचा हक्क निराळा आणि पहाऱ्याची व्याप्ति लपविण्याचा हक्क निराळा. रुमानियांतील बर्बुलेस्कु नांवाच्या अभियंत्याचें प्रकरण येथें उद्बोधक आहे. कचेरीच्या यंत्रावरून त्यानें आपल्या भावाशीं व वाग्दत्त वधूशीं पत्रव्यवहार केला म्हणून 2007 सालीं त्यास काढून टाकण्यात आलें. खासगी वापरास बंदी आहे हें त्यास ठाऊक होतें. तसा नियमहि त्याच्या सहीनें होता. तरीहि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानें 5 सप्टेंबर 2017 रोजीं त्याच्या बाजूनें निर्णय दिला. कारण पाळत कोणत्या प्रकारची आहे, किती खोल आहे, पत्रांतील मजकूरहि वाचला जाईल काय, हें त्यास आधीं सांगितल्याचें दिसून आलें नव्हतें आणि देशांतील न्यायालयांनीं ती गोष्ट नीट तपासली नव्हती. ‘खासगी काम करूं नका’ असें सांगणें म्हणजे ‘तुमचें पत्र आम्ही वाचूं’ असें सांगणें नव्हे. त्याच वर्षीं, 24 ऑगस्ट रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो निर्णय मुख्यतः सरकारास उद्देशून असला तरी माणसाची प्रतिष्ठा कचेरीच्या दाराशीं चपलांबरोबर काढून ठेवण्याची वस्तु आहे, असें त्यावरून कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

आतां भाषेकडे वळूं. 2023 च्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्यानें संमति मागतांना द्यावयाची सूचना स्वच्छ व सोप्या भाषेंत असावी, आणि ती इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत वाचण्याची मुभा असावी असें सांगितलें. या कायद्याखालचे नियम 2025 च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले व सूचनेविषयींचीं मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं आहेत. हें ऐकून वाचकांस वाटेल, कीं प्रश्न सुटला. तो सुटला नाहीं. त्याच कायद्याच्या सातव्या कलमानें नोकरीच्या कामासाठीं, आणि मालकास नुकसानीपासून वांचविण्यासाठीं, संमतीवांचून माहिती वापरण्याची मोकळीक ठेविली आहे. आणि जेथें संमति मागावयाची नाहीं तेथें संमतीबरोबर द्यावयाच्या सूचनेचें बंधनहि सुटतें. म्हणजे दुकानांतून एखादी वस्तु मागवितांना आपणांस मराठी सूचनेचा हक्क आहे. पण आयुष्याचे आठ-दहा तास ज्या यंत्रापुढें जातात त्याच्या उंबरठ्यावर नाहीं! कायदा जेथें थांबतो तेथें लोकमतानें पुढें जावयास नको काय?

आपल्या राज्यांत दुकानावरील पाटी मराठींत असावी म्हणून केवढा झगडा झाला! 2022 च्या दुरुस्तीनें दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांनाहि तें बंधन लागलें. व्यापाऱ्यांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि 2023 च्या सप्टेंबरांत न्यायालयानें त्यांस दोन महिन्यांची मुदत दिली. मीं त्या चळवळीचें स्वागतच केलें. पण दुकानावरची मराठी पाटी न वाचल्यानें गिऱ्हाइकाचें काय बिघडतें? फार तर तो शेजारच्या दुकानांत शिरेल. आणि येथें जी पाटी न समजल्यानें माणसाचें पत्र वाचलें जातें, नोकरी धोक्यांत येते, तिच्या भाषेविषयीं आपल्या भाषाभिमान्यांनीं एक शब्दहि उच्चारूं नये? ‘संगणकावर काम करणारास इंग्रजी येतेंच’ हें उत्तर मला मान्य नाहीं. कामापुरतें इंग्रजी येणें निराळें आणि वकिली इंग्रजींतील तीन-तीन ओळींचें वाक्य घाईंत उलगडणें निराळें. शिवाय पडद्यापुढें केवळ पदवीधरच बसतात असें नाहीं. गोदामांतील कारकून, रुग्णालयांतील परिचारिका, पावत्या नोंदणारा मुलगा हेहि बसतात. घाटकोपर व मुलुंड येथें गुजराती कुटुंबें पुष्कळ; त्यांस गुजरातींत सांगा, कोणास हिंदींत सांगा. माझा आग्रह मराठीच्या मिरवणुकीचा नसून माणसास कळण्याचा आहे.

आणि ही कांहीं नवी मागणी नव्हे. बोरिवलीहून गाडीनें उत्तरेस गेलें तर थोड्याच वेळांत नालासोपारा लागतें. तेथें सांपडलेल्या शिलालेखांच्या तुकड्यांवर अशोकाच्या आज्ञा आहेत, त्या प्राकृतांत. त्याच राजाच्या आज्ञा कंदाहारास ग्रीक व अरमाइक भाषेंत कोरलेल्या आढळल्या. जेथें जे लोक, तेथें ती भाषा; एवढें शहाणपण बावीसशें वर्षांपूर्वीं होतें. शिलाहारांच्या काळापासून कोंकणांत व या उपनगरांतहि गधेगाळ उभे केले जात. दानाची जमीन लाटूं नये अशी ती दगडी ताकीद; वर चंद्रसूर्य, मध्यें लेख आणि खालीं गाढवाचें चित्र. ज्यास अक्षर येत नसे त्यासहि चित्रावरून धमकी समजे! ती ताकीद ग्राम्य असेल, पण अप्रामाणिक नव्हती. जप्तीची दवंडी ढोल वाजवून गांवांत पिटावी असें 1908 च्या दिवाणी प्रक्रिया-संहितेंत लिहिलें आहे, तें देखील याच जाणिवेनें. याउलट रोमच्या कालिगुला बादशहाची गोष्ट स्वेटोनियसनें लिहून ठेविली आहे. त्यानें नवे कर बसविले आणि लोकांनीं कायदा दाखवा म्हणून ओरड केली तेव्हां तो अगदीं बारीक अक्षरांत, अडचणीच्या जागीं लावला, कीं कोणास उतरून घेतां येऊं नये. आपल्या कचेऱ्यांनीं अशोकाचा वारसा सांगावयाचा कीं कालिगुलाचा, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.

सरकारनेंहि या बाबतींत कांहीं मोठा आदर्श घालून दिला आहे असें नाहीं. 2011 सालीं सायबर कॅफेंसाठीं नियम झाले. अश्लील स्थळें पाहूं नयेत व कायद्यानें निषिद्ध असलेला मजकूर उतरवून घेऊं नये, असा फलक सर्वांस दिसेल असा लावावा, असें त्या नियमांत आहे. त्याच नियमांनीं, गिऱ्हाइकानें कोणकोणतीं स्थळें पाहिलीं त्याच्या नोंदी निदान एक वर्ष जपून ठेवण्याची सक्ति मालकावर केली. परंतु फलकाच्या कलमांत ‘तुमची नोंद वर्षभर राहील’ हें वाक्य घालण्याची आठवण कोणास झाली नाहीं. गिऱ्हाइकानें काय करूं नये हें ठळक अक्षरांत. त्याचें काय केलें जाईल हें गुलदस्तांत! सूचनेविषयींची आपली सारी मनोवृत्ति या एका उदाहरणांत आली.

केवळ दोष दाखवून थांबणें योग्य नव्हे, म्हणून माझ्या मतें ही पाटी कशी असावी तें सांगतों. ‘हें यंत्र कंपनीचें आहे. ज्यास परवानगी नाहीं त्यानें येथें शिरूं नये; शिरल्यास कायद्यानें भरपाई व शिक्षा होऊं शकेल. येथून पाठविलेलीं पत्रें व उघडलेलीं पानें यांची नोंद होते. पत्रांतील मजकूर संशयाचें लेखी कारण असल्याशिवाय वाचला जात नाहीं. नोंदी अमुक दिवस राहतात व अमुक अधिकाऱ्यापाशीं असतात. खासगी पत्र येथून लिहूं नये. शंका असल्यास अमुक ठिकाणीं विचारावें.’ सात वाक्यें झालीं. कोणती नोंद होते, कोण पाहतो, केव्हां पाहतो, किती दिवस ठेवतो, सर्व त्यांत आलें. विंडोजच्या त्या चौकटींत देवनागरी अक्षरें उमटतात. यांत्रिक अडचण नाहीं. बटणावर ‘ओके’ असलें तरी तें ‘वाचलें’ या अर्थानें आहे, ‘कबूल’ या अर्थानें नव्हे, हें एक वाक्य वाढवून सांगतां येईल. आमच्या पुणेकर बंधूंच्या पाट्यांची कोणी कितीहि थट्टा करो. त्या थोडक्यांत असतात आणि त्यांचा अर्थ समजला नाहीं अशी तक्रार आजवर कोणीं केलेली नाहीं. वकिलांनीं त्यांचा फणकारा घेऊं नये, पण काटकसर अवश्य घ्यावी.

यावर शेवटचा आक्षेप येईल, कीं इतकें स्पष्ट लिहिलें तर उद्यां न्यायालयांत कंपनीचे हात बांधले जातील. मोघम भाषेंत सर्व कांहीं मावतें. हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यांत खरें कारण बाहेर पडतें. मोघम पाटी लिहिणारास मोकळीक हवी असते आणि वाचणारास ती नसावी असें वाटत असतें. पण ज्या बंधनाच्या भीतीनें मालक स्वच्छ लिहीत नाहीं, तें बंधन पाळण्याची त्याची तयारी नाहीं असाच त्याचा अर्थ होतो. आणि तसें असेल तर नोकरास तें आजच कळलेलें बरें.

आपणांवरहि दोष आहेच. आपण वाचीत नाहीं, विचारीत नाहीं, आणि मुलांनाहि तसेंच शिकवितों. माझ्या पुतणीनें त्या प्रकरणानंतर एके सकाळीं दहा मिनिटें आधीं जाऊन ती चौकट प्रथमच पूर्ण वाचली, कागदावर मराठींत उतरवून काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या चौघींना दाखविली. मग त्या पांचजणींनीं मिळून वरिष्ठांस एक अर्ज दिला, कीं हीच सूचना मराठींतहि दिसावी आणि पत्रें केव्हां वाचलीं जातात तें तींत लिहावें. अर्जाचें उत्तर हें लिहीपर्यंत आलेलें नाहीं. परंतु आईच्या औषधांविषयींचें पत्र ती आतां कचेरींतून लिहीत नाहीं. आणि त्या पाटीचा अर्थ पांच घरांत पोंचला आहे. चार वर्षांत त्या पाटीनें जें केलें नाहीं तें एका मुलीनें एका सकाळीं केलें. तेवढेंच काम कचेरीनें स्वतः करावें, यापलीकडे माझी मागणी नाहीं.